ब्रह्मकमळाला फुलं येत नाहीत? या चुका टाळा

कॅक्टस आहे म्हटलं की लोकं कुंडी थेट गच्चीवर नेऊन ठेवतात, निवडुंगाला काय होते म्हणून, आणि मे महिन्यात अकोल्या-वर्ध्याकडं पारा ४५ वर गेला की पानं आधी लालसर, मग पांढरी पडून भाजतात. अहो, हे झाड मूळचं मेक्सिको अन् मध्य अमेरिकेच्या जंगलातलं, तिथं ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढते! त्याले सकाळचं कोवळं ऊन पुरते, बाकी दिवसभर निंबाची सावली नाही तं ग्रीन नेट.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वावरातली काळी माती. पावसाळ्यात ती चिखल होऊन मुळं कुजवते, उन्हाळ्यात आवळून भेगा पाडते. देठ बुडाशी पिवळा अन् मऊ लागला तर समजा सड सुरू झाली, मग वरचा चांगला भाग कापून नवीन लावा, बाकी फेका. कोकोपीट, जुनं शेणखत, जाड रेती अन् विटांचे तुकडे असं भुसभुशीत मिश्रण करा, वरचा थर सुकला की मगच पाणी. आणि कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका बाप्पा, उडून उडून त्यात क्षार साचलेले असतात, आपल्या खारपाणपट्ट्यात तर बोलायलाच नको, कुंडीच्या काठाला पांढरी पापडी दिसली की तेच.

घरात युरियाची बॅग पडलेली असते म्हणून चिमूट चिमूट टाकणारे बरेच आहेत. पानं हिरवीगार होतात, कळी काही येत नाही.

कळी पानाच्या कडेच्या खाचेतून निघते. ती दिसली की कुंडी इकडंतिकडं हलवू नका, गळते. फूल रात्री ९ नंतर उमलायला लागते, पहाटेपर्यंत मान टाकते, म्हणून शेजारपाजारच्यांना बोलवून हळदकुंकू, आरती जे काय करायचं ते झाडाजवळच करा.

औषधाच्या नादाला मात्र लागू नका. व्हॉट्सॲपवर जे गुण फिरून राहिले ते हिमालयातल्या ब्रह्मकमळाचे, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते, कॅक्टसशी त्याचं नातंच नाही. चीनकडं मात्र आपल्यावाल्याचीच फुलं सूपमध्ये टाकतात.

नवीन लावायचं तर फुलं येणाऱ्या झाडाचं वीतभर पान घ्या, दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, बुडाकडची बाजू खाली करून बोटभर खोचा. फुलाला दोन-तीन वर्षं लागतात, तवर उगाच मोठी कुंडी देऊ नका, थोड्या अडचणीतच ते बरं फुलते.