लोकलने शिलाहार बघायचे असतील तर

आधी घराणं ठरवा. शिलाहार राजे तीन घराण्यांतले होते: उत्तर कोकणचे, दक्षिण कोकणचे आणि कोल्हापूरचे. पन्हाळा, खिद्रापूर ही कोल्हापूरकरांची वाट, ती वेगळ्या सुट्टीत करा. मुंबई-ठाण्याच्या माणसाला रविवारी झेपतात ते उत्तर कोकणचे.

शाळेतली मुलं घेऊन निघायच्या आधी मी त्यांना नकाशावर किल्ले नाही, खाड्या शोधायला लावते. नवव्या शतकात राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून पुढे आलेलं हे राज्य बंदरांच्या जिवावर उभं होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या त्यांच्या लेखांत राष्ट्रकूट अमोघवर्षाचं नाव येतं, म्हणजे मालक कोण ते तिथेच कळतं.

सकाळी लवकर अंबरनाथचं शिवमंदिर गाठा. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा. जत्रेत देव दिसेल, कोरीवकाम नाही. आत शिरायची घाई नको. बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, भिंतींवरच्या मूर्ती निवांत बघा. मग पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जा, तो मंडपापेक्षा बराच खाली आहे. इथला शिलालेख शक 982 चा, मम्वाणी या शिलाहार राजाच्या काळातला. शकात 78 मिळवा: इसवी सन 1060. कुठलाही लेख बघताना टॉर्च समोरून मारू नका. बाजूने तिरपा धरा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. खडू, पीठ घासणाऱ्यांना मात्र मी तिथल्या तिथे झापते.

वाटेत कुठे दगडावर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री दिसली, तर तो गधेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली ती दगडातली शिवी. मुलं हसतात. हसू द्यावं, मग सांगावं की शब्द न वाचता येणाऱ्यालाही धमकी कळावी म्हणून हे चित्र.

दुपारनंतर बोरिवली पश्चिमेला एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. खालून वर वाचत जा: खाली लढाई, सर्वांत वर स्वर्ग. काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं आहेत. देवगिरीच्या यादव राजा महादेवाने शेवटचा शिलाहार सोमेश्वर याला 1265 च्या सुमारास हरवलं, त्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक हे दगड जोडतात. रिक्षावाल्याला ‘वीरगळ’ म्हणून कळलं नाही, तर एक्सर गावात उतरून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.