देनालीत बसमधून अस्वल कसं शोधावं

आधी तिकीट. अलास्कातल्या देनाली राष्ट्रीय उद्यानात रस्ता एकच, 92 मैलांचा. उन्हाळ्यात स्वतःची गाडी त्यावर पहिले 15 मैलच नेता येते, पुढे बस. ती साधारण 20 मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. माहिती सांगत नेणारी टूर बस महाग पडते, मी साधी ट्रान्झिट बसच घ्या म्हणेन. तिच्यातून वाटेत उतरता येतं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढताही येतं. 2021 मध्ये प्रिटी रॉक्स इथे दरड सरकून रस्ता 43व्या मैलापुढे बंद झाला, त्यामुळे सध्या बस कुठवर जाते ते बुकिंग करतानाच बघा. वाटेत खायला विकत मिळत नाही. डबा, पाणी, गरम जाकीट सोबत हवं. खिडकीच्या बाजूवरून भांडू नका, परत याच रस्त्याने यायचंय.

ताडोबात चितळाचा धोक्याचा कॉल ऐकून जिप्सी पळवायची सवय असेल, तर ती इथे विसरा. टुंड्रा उघडा आहे आणि प्राणी लांब असतात. चांगली दुर्बीण घ्या, एक उतार निवडा, सावकाश नजर फिरवा. कड्यावरचे पांढरे ठिपके सरकले तर त्या डॉल मेंढ्या. त्यांच्याच रक्षणासाठी 1917 मध्ये हे उद्यान झालं. इथली ग्रिझली अस्वलं बरेचदा वाळल्या गवताच्या रंगाची असतात, म्हणून रंगापेक्षा हालचाल शोधा. ऑगस्टमध्ये बेरी पिकल्या की ती उतारांवर तासन् तास खात असतात. नदीच्या रेताड पात्रात कॅरिबू (इथलं रेनडियर) बघा, विलोच्या झुडपांत मूस, म्हणजे प्रचंड मोठं हरीण. लांडगा दिसला तर नशीब.

काही दिसलं की मोठ्याने ‘स्टॉप’ म्हणा आणि घड्याळाप्रमाणे दिशा सांगा. बसचं तोंड म्हणजे बारा. दगड निघाला तरी लाजू नका, तो सगळ्यांनाच कधीतरी फसवतो. प्राणी जवळ असेल तर आवाज बंद, हात आत.

खाली उतरलात तर अस्वलापासून 300 यार्ड (सुमारे 275 मीटर) आणि मूस, कॅरिबू, लांडग्यापासून किमान 25 यार्ड लांब राहायचं, हा नियमच आहे. अस्वल समोर आलं तर पळू नका, शांतपणे बोलत मागे सरा. मूस अंगावर आला तर उलट: पळा आणि झाडाआड व्हा. सप्टेंबरमध्ये नर माजावर असतात, तेव्हा आणखी अंतर ठेवा.