सीमाभागात मंडळाची किंवा वाचनालयाची नोंदणी कशी करावी

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 साली सुरू झाले. त्यानंतर येथील कारभार कंपनी सरकारकडून ब्रिटिश राजवटीकडे, पुढे मुंबई राज्याकडे आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्याकडे गेला, तरी ही संस्था टिकून राहिली. याउलट बेळगाव, खानापूर आणि निपाणी तालुक्यांत चांगली चाललेली मंडळे बंद पडताना मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे माणसे होती आणि वर्गणीही जमत होती. दप्तर मात्र नव्हते. म्हणून नवे वाचनालय, महिला मंडळ किंवा साहित्य संघ काढणाऱ्यांनी पुस्तकांच्या कपाटाआधी दप्तराचा विचार करावा.

पुणे-कोल्हापूरकडचे नातेवाईक अशा वेळी धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याचा सल्ला देतात, परंतु ती महाराष्ट्रातली व्यवस्था आहे. आपल्याकडे अशी संस्था कर्नाटक सोसायटीज नोंदणी अधिनियम, 1960 खाली नोंदवली जाते आणि ते काम सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे असते. त्यासाठी अठरा वर्षांवरील किमान सात सभासद लागतात. माझे सांगणे असे की अकरा ते पंधरा जण घ्यावेत, ते एकाच घरातले किंवा एकाच गल्लीतले नसावेत, आणि त्यांत किमान दोघांना कन्नड उत्तम लिहिता-वाचता यावे. ज्यांना केवळ बचत गट चालवायचा आहे, त्यांनी या वाटेला जाण्याची गरज नाही; गटाचा ठराव आणि बँकेतले खाते एवढ्यावर त्यांचे काम सुरू होते.

पहिली बैठक घरगुती न ठेवता रीतसर घ्यावी. पाने क्रमांकित असलेले जाड बांधणीचे रजिस्टर आणावे, वर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे, उपस्थितांच्या सह्या ठराव लिहिण्याआधी घ्याव्यात आणि प्रत्येक ठरावाखाली सूचक व अनुमोदक यांची नावे लिहावीत. सुट्या कागदावर लिहून नंतर डकवलेले इतिवृत्त वाद निर्माण झाल्यावर टिकत नाही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो संस्थेची उद्दिष्टे आणि नियम लिहिण्यास. दुसऱ्या संस्थेची घटना झेरॉक्स करून नाव तेवढे बदलण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती पुढे महागात पडते. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. तसे संमेलन आपल्याला कधीकाळी भरवायचे असेल, तर ते उद्दिष्टांत आजच लिहिलेले असावे, नाहीतर त्याच्या खर्चावर ऑडिटर बोट ठेवेल. मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचे जतन हे उद्दिष्ट निःसंकोचपणे आणि स्पष्ट शब्दांत लिहावे, कारण आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 29 ने नागरिकांच्या प्रत्येक समूहाला दिलेला आहे. सभासदत्व कोणाला मिळेल व केव्हा संपेल, कार्यकारिणीची मुदत किती, गणपूर्ती किती आणि संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक कोठे जाईल, या चार बाबी मोघम ठेवू नयेत.

कचेरीचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो. त्यामुळे मसुदा आधी मराठीत सर्वांसमोर वाचून पक्का करावा, मग जाणकाराकडून त्याचे कन्नड करून घ्यावे आणि दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहाव्यात. टायपिंग करणाऱ्यावर भाषांतर सोपवू नये. नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु आमचे बँक खाते त्याच कारणाने तीन महिने अडले होते. मराठी उच्चाराप्रमाणे ‘वाचनालय’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग वायवर संपते, कन्नड वळणाने मात्र त्यापुढे ए लागतो. आमच्या नोंदणीपत्रावर एक रूप होते आणि पॅन कार्डावर दुसरे, म्हणून अर्ज परत आला. पहिल्या बैठकीतच नावाचे मराठी, कन्नड आणि इंग्रजी रूप ठरावात लिहून ठेवावे आणि शिक्का, पॅन, पासबुक या सर्वांवर तेच वापरावे. सात सभासदांच्या आधार कार्डांवरील आडनावेही याच नजरेने तपासावीत.

कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचे संमतिपत्र आणि घरपट्टीची पावती जोडावी. देवळाच्या किंवा शाळेच्या खोलीचा पत्ता देणार असाल, तर पंच कमिटीची किंवा शाळेची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी शब्द दिलेली माणसे उद्या बदलतात.

नोंदणीपत्र हातात आले की बहुतेकांना काम संपले असे वाटते, आणि घसरण तेथूनच सुरू होते. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि सभेनंतर चौदा दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी व तपासलेला ताळेबंद निबंधकांकडे सादर करावा लागतो. ही कागदपत्रे वर्षानुवर्षे थकली, तर देणगी, अनुदान किंवा जागेचा व्यवहार यांच्या वेळी संस्थेला स्वतःचे अस्तित्वच सिद्ध करता येत नाही. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते. एप्रिलमध्येच पावत्या ऑडिटरकडे द्याव्यात, म्हणजे शेतीची धांदल सुरू होण्यापूर्वी सभा आटोपते. कचेरीत दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घ्यावा आणि ती प्रत स्वतंत्र फाइलमध्ये लावावी.

कार्यकारिणी बदलली की त्याच बैठकीत जुन्या सचिवांनी रजिस्टर, पावती पुस्तके, चेकबुक आणि शिक्का यादी करून नव्यांच्या हवाली करावा, यादीवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि बँकेतील सह्या बदलण्याचा ठरावही तेव्हाच लिहावा.