एनसीव्हीच्या खोलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

"करंट देता का मॅडम?" एनसीव्ही म्हणजे हलका झटका देऊन नसेचा वेग मोजायची तपासणी, आणि खोलीत शिरणारा जवळपास प्रत्येक पेशंट हेच विचारतो. खरं सांगावं: देते, झटका बसेल, पण लगेच जाईल. "काहीच होत नाही" म्हटलं की पहिल्याच झटक्याला तो हात ओढून घेतो. मग अर्धा तास स्नायू ताठ आणि पडद्यावर नुसती खरखर.

बीएस्सीनंतर मी नागपुरातच या कामाला लागले. नव्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं: मशीनआधी पेशंटच्या हाताला हात लावा. हे मला अंगावर शेकल्यावर कळलं. डिसेंबरातली सकाळ, एक काकू स्कूटीवरून आलेल्या, बोटांना मुंग्या. दोन्ही मनगटांत मीडियन नस मंद दिसली आणि मी 'कार्पल टनेल', म्हणजे मनगटात ही नस दबलीय, असं लिहून मोकळी झाले. सरांनी कागद पाहिला. "हाताची दुसरी नस, अल्नर, पण मंद, पायाची सुरल पण मंद. सगळ्या नसा एकदम दबल्या का?" काकूंचे हात बर्फासारखे होते. कोमट पाण्यात हात-पाय शेकले, पुन्हा तपासलं, तर सगळं नॉर्मल. त्वचेचं तापमान एक अंश उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने घटतो. हात निदान ३२ अंश हवा.

आणि हे फक्त थंडीतलं नाही बरं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पेशंट वेटिंगमध्ये कूलरच्या तोंडाशी बसून येतो, हात गारेगार. त्याच कूलरची मोटर खोलीत चालू असेल तर विजेची ५० हर्ट्झची लाट सेन्सरी, म्हणजे संवेदनेच्या नसेचा, सिग्नल गिळून टाकते. आधी प्लग काढा, मग इलेक्ट्रोडला दोष द्या. हातावर खोबरेल चोपडलेलं असेल तर तेही स्पिरिटने पुसा.

मोजपट्टीला हलकं समजू नका. कोपराच्या भागात १० सेंटिमीटरला २ मिलिसेकंद लागले तर वेग ५० मीटर. पट्टी घसरून ९ मोजले की तोच ४५, आणि धडधाकट अल्नर नस कागदावर आजारी. कोपर वाकवून तपासलंत तर मोजायचंही वाकवूनच.

त्याच कोपरामागे बोटांनी चाचपायची सवय लावा. नस दोरीसारखी जाड लागली आणि अंगावर बधिर चट्टा असला तर कुष्ठरोग डोक्यात यायलाच हवा. आनंदवन आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर. आपल्याकडे हा आजार पुस्तकातला नाही. डॉक्टरांना लगेच सांगा, पेशंटसमोर तोंड उघडू नका.

सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून करायची तपासणी, डॉक्टर करतात. आपण आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या विचारायच्या. नस दुखावून चारच दिवस झाले असतील तर तारखेकडे डॉक्टरांचं लक्ष वेधा, कारण स्नायूतले बदल सुईला दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. गिलियन-बारे या नसांच्या अचानक येणाऱ्या आजारातही पहिल्या आठवड्यात आकडे चांगले येऊ शकतात, म्हणून एफ-वेव्ह, म्हणजे नसेच्या मुळापर्यंत जाऊन परतणारी लाट, टाळू नका.

शुगरवाले काका मात्र हमखास अडवतात. तळपायाची आग, रात्रभर झोप नाही आणि रिपोर्ट नॉर्मल. आपली तपासणी नसेतल्या जाड तंतूंची. आग होते ती बारीक तंतूंमुळे. परवाच एक काका रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "म्हणजे मी नाटक करतो का?" त्यांना बसवून हे समजावलं. पुढचा पेशंट बाहेर दहा मिनिटं थांबला.