एसएसडी कंपनी बघायला निघालात? मेलेल्या ड्राइव्हचं टेबल बघितल्याशिवाय परतू नका

मी पुण्यात डेटा सेंटरसाठी स्टोरेज, म्हणजे मुख्यतः एसएसडी (फ्लॅश चिपवर डेटा साठवणारे ड्राइव्ह), निवडायचं काम करते. त्यासाठी बंगळुरूच्या लॅब आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, मिल्पिटासकडच्या कंपन्या बघणं होतं. ऑफिसातली मुलं पहिल्यांदा अशा भेटीला निघाली की विचारतात, "ताई, तिथं नेमकं बघायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निघायच्या आधी एक आकडा वहीत लिहून घ्या: आपल्या सर्व्हरवर रोज किती डेटा लिहिला जातो. एनव्हीएमई ड्राइव्हच्या (सर्व्हरमधले वेगवान एसएसडी) स्मार्ट लॉगमध्ये, म्हणजे ड्राइव्ह स्वतःबद्दल ठेवतो त्या नोंदींत, आजवर एकूण किती लिहिलं ते मिळतं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बघा, वजाबाकी करा, पंधराने भागा. कंपनीवाले '१ डीडब्ल्यूपीडी' (ड्राइव्ह राइट्स पर डे) म्हणतील, म्हणजे वॉरंटीची पाच वर्षं रोज एकदा अख्खा ड्राइव्ह भरेल इतकं लिहिता येईल. ३.८४ टीबीच्या ड्राइव्हला हे साधारण ७,००० टीबी होतं. आपला आकडा हाताशी नसेल तर ३ डीडब्ल्यूपीडीचा महाग ड्राइव्ह सहज गळ्यात पडतो. बहुतेक वेळा ३ डीडब्ल्यूपीडीच्या ३.२ टीबी ड्राइव्हमध्ये फ्लॅश ३.८४ टीबीवाल्याएवढाच असतो, फक्त राखीव जागा जास्त ठेवलेली असते.

तिथं पोचल्यावर गोपनीयतेच्या करारावर सही, मोबाइल बाहेर, अंगात अँटिस्टॅटिक कोट आणि टाचेला पट्टी. मग कॉन्फरन्स रूममध्ये नेतात आणि स्लाइड सुरू होतात. तिथंच नम्रपणे सांगा, "आधी लॅब बघू, स्लाइड जेवणानंतर." सकाळी डोकं ताजं असतं, ते लॅबसाठी ठेवा.

बोर्डावर चिप बसवणारी लाइन बघायला छान असते, पण तिथं रमू नका. बऱ्याच कंपन्या हे काम बाहेरून करून घेतात आणि नँड फ्लॅश, म्हणजे डेटा साठवणारी चिप, तर जगात मोजक्याच कंपन्या बनवतात. नँड कुणाचा, कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) कुणाचा, आणि नँडची पिढी बदलली तर आम्हाला कळवणार का, एवढं विचारा आणि पुढे चला.

खरा वेळ द्यायचा तो वीज तोडण्याच्या चाचणीला. आधी उघडा बोर्ड हातात मागा. कडेला छोट्या वड्यांसारखे कपॅसिटर ओळीने बसवलेले दिसतील. वीज गेली की काही मिलिसेकंद ड्राइव्ह त्यांच्यावरच चालतो. डीरॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणारी तात्पुरती मेमरी) अडकलेला डेटा आणि कुठला डेटा कुठे आहे ते सांगणारा पत्त्यांचा तक्ता तेवढ्या वेळात फ्लॅशवर उतरवायचा असतो. रॅकसमोर उभं राहिलं की रिले (आपोआप चालणारे स्विच) टक्‌टक् करत वीज तोडतात, जोडतात, पुन्हा तोडतात, दिवसरात्र. विचारायचं ते असं: 'लिहिलं' असं ड्राइव्हने ज्या ज्या डेटाबद्दल सांगितलं होतं, तो सगळा वीज परत आल्यावर तपासता का? आधीपासून पडून असलेला जुना डेटाही तपासता का? आणि कपॅसिटर म्हातारे झाले तर ड्राइव्हला स्वतःहून कळतं का?

हे मी इतकं धरून बसते त्याला कारण आहे. २०१६ मध्ये एका ग्राहकाकडे पैसे वाचवायला सर्व्हरमध्ये डेस्कटॉपचे एसएसडी बसवले होते. एका रात्री यूपीएस वेळेवर चालू झाला नाही. ड्राइव्हनी 'लिहिलं' म्हणून सांगितलेलं बरंच काही फ्लॅशवर उतरलंच नव्हतं. डेटाबेस उघडेना. पहाटेपर्यंत आम्ही बॅकअप चढवत बसलो होतो, आणि त्या दिवसाच्या नोंदी कर्मचाऱ्यांनी कागदी पावत्यांवरून हाताने भरल्या.

फर्मवेअरवाल्यांना, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, भेटल्याशिवाय राहू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा निघाला होता: एकूण ३२,७६८ तास चालले की ड्राइव्ह बंद, डेटाही गेला. दोनाचा पंधरावा घात, म्हणजे बहुधा सोळा बिटांचा (एक बिट अधिक-उणे चिन्हाचा) तासांचा मोजक भरला. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह एकाच वेळी गेले तर रेड (एक ड्राइव्ह गेला तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह एकत्र जोडायची पद्धत) काय वाचवणार? म्हणून विचारा, "चाचणीत घड्याळ पुढे ढकलून बघता का?" उत्तर मॅनेजरकडून नको, कोड लिहिणाऱ्याकडून घ्या. तो किंवा ती पुण्याचीच निघायची शक्यता बरीच असते, मग मराठीत मोकळेपणाने बोलणं होतं.

ड्राइव्ह तापवून तपासायच्या भट्ट्यांपाशी डेटा किती टिकतो तेही विचारा. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेप्रमाणे एंटरप्राइज, म्हणजे सर्व्हरसाठीच्या, ड्राइव्हने आयुष्याच्या शेवटी, वीज नसताना, ४० अंशांत तीन महिने डेटा सांभाळायचा असतो. मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या गोदामात जुने ड्राइव्ह 'बॅकअप' म्हणून ठेवणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

शेवटी मेलेल्या ड्राइव्हचं टेबल, म्हणजे बिघडून परत आलेले ड्राइव्ह जिथं उघडून तपासतात ते. एका ठिकाणी तिथल्या बाईंनी ग्राहकाच्या नावावर चिकटपट्टी लावलेला, परत आलेला ड्राइव्ह मायक्रोस्कोपखाली धरला. स्क्रूच्या भोकाजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरला केसाएवढी तिरकी चीर होती. स्क्रू आवळताना बोर्ड वाकत होता. पुढच्या बोर्डात त्यांनी तो भाग आत सरकवला. मी विचारलं, "जुन्या बोर्डाचे किती गेले बाहेर?" त्यांनी लगेच सीरियल नंबरची यादी उघडली, कोणाला कळवलं त्या तारखांसकट. आमची ऑर्डर तिथंच गेली. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र "आमच्याकडे परत फारसे येतच नाहीत" म्हणून टेबल दाखवलंच नाही.

निघताना सॅम्पल मागाल तेव्हा खास निवडून ठेवलेले घेऊ नका. नेहमीच्या पेटीतले, ग्राहकाला जातं तेच फर्मवेअर असलेले दोन मागा, आणि त्यांचे सीरियल नंबर तिथंच वहीत उतरवून घ्या.