तायकोच्या अतिनवताऱ्याच्या अवशेषावर प्रकल्प करायचाय? मग हे वाचा

कलिन्याला एमएस्सी करताना मी प्रकल्पासाठी अतिनवताऱ्यांचे (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे) तरुण अवशेष निवडले. तेव्हापासून ज्युनिअर्सचा ठरलेला प्रश्न: ‘कोडिंग किती लागतं?’ फार नाही. ‘चंद्रा’ या नासाच्या अवकाशातल्या एक्सरे दुर्बिणीचा जुना डेटा फुकट मिळतो, वर्णपटावर मॉडेल बसवायचं एक्सस्पेक हे सॉफ्टवेअरही फुकट. लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि इन्स्टॉलेशनला एक रविवार द्या. खरी दमछाक अणुभौतिकीत होते, आणि ती आपण परीक्षेपुरतीच वाचलेली असते.

डॅनिश खगोलशास्त्रज्ञ तायको ब्राहेने १५७२ साली पाहिलेल्या ताऱ्याचा अवशेष घ्या. धक्कालहरीने तापलेला तिथला वायू कोट्यवधी अंशांवर आहे. एवढ्या तापमानाला एक्सरे वर्णपटातली लोहाची रेषा ६.७ केईव्हीजवळ (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) यायला हवी, दिसते ६.४च्या जरा पुढे. कारण लोहाचे इलेक्ट्रॉन अजून पुरेसे सुटलेलेच नाहीत. आयनीभवन (अणूंचे इलेक्ट्रॉन सुटणं) समतोलाला पोचायला इलेक्ट्रॉनांची घनता (दर घन सेंटिमीटरला) गुणिले वेळ (सेकंदांत) हा आकडा साधारण १०^१२ लागतो. घन सेंटिमीटरला एक इलेक्ट्रॉन धरला, तर तीसेक हजार वर्षं! इथे साडेचारशेच झाली आहेत. म्हणून एक्सस्पेकमधलं समतोल गृहीत धरणारं एपेक हे मॉडेल इथे चालत नाही. समतोल न धरणारं व्हीएनईआय किंवा व्हीपीशॉक घ्यावं लागतं. हे गणित कागदावर एकदा स्वतः करा. व्हायवात हमखास विचारतात.

मग मोह सुरू होतो. फिटमध्ये सिलिकॉनचं प्रमाण मोकळं सोडा, गंधकाचं सोडा, काय-स्क्वेअर (मॉडेल आणि डेटातल्या फरकाचं माप) उतरतोच. पण तापमान आणि आयनीभवनाचा काळ एकमेकांची उणीव भरून काढतात, त्यामुळे देखणा फिट खोटाही असू शकतो. गाईडनी ‘हा पॅरामीटर का सोडलास?’ विचारलं, तर उत्तर भौतिकीतलं हवं.

अवशेषाच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत रेषा जवळपास नसतातच. तो प्रकाश सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा. तिथे ‘चंद्रा’च लागते. २०१५ला अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची सॉफ्ट एक्सरे दुर्बीण आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये घडली याचं कौतुक आहेच, पण इतकं बारीक तिला दिसत नाही.

पुढे पीएचडी करायची असेल तर जेस्ट (अनेक संशोधन संस्थांची सामाईक प्रवेश परीक्षा) आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा दोन्ही द्या. त्याआधी उन्हाळ्यात व्हीएसआरपी (टीआयएफआरची विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना) मिळाली तर उत्तमच. आणि प्रकल्प मिळाल्यावर अख्ख्या अवशेषाचा वर्णपट काढू नका. एकच छोटा तुकडा घ्या. सगळं एकत्र घेतलं की निरनिराळ्या वेळी तापलेला वायू मिसळतो आणि एका तापमानाचं मॉडेल बसता बसत नाही.