जुन्या डिझेल लाँचमधली अनोळखी वायर कशी ओळखायची

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं स्टार्टर-डायनामो आणि वायरिंगचं काम आहे. ट्रक, ट्रॅक्टर, मधली काही वर्षं यंत्रमागाची पॅनेलं. लाँचला पहिल्यांदा हात लावला तो उजनीच्या बॅकवॉटरवर, करमाळा तालुक्यात. धरण मायनसमध्ये गेलेलं, फायबरची जुनी लाँच गाळावर टेकलेली. कोकणातून तिसऱ्या हाताने आलेली.

"मेस्त्री, मशीन मधीच बसतंय," लाँचवाले तात्या म्हणाले. "दोनदा फिल्टर बदलला, टाकी धुतली. तासभर चालतं अन् भर पाण्यात बंद."

फळी उचलली तर डिझेलच्या लाईनवर सात वायरी. चार कुठे जातात ते तात्यांना माहीत नव्हतं आणि एक कुणीतरी कापून टेप गुंडाळून सोडलेली.

ट्रकवाल्याची सवय इथे आधी सोडावी लागते. ट्रकला चॅसी म्हणजेच अर्थ, म्हणून एका वायरीवर काम भागतं. फायबरच्या लाँचला अर्थ द्यायला बॉडीच नाही. प्रत्येक वस्तूला जायची एक आणि यायची एक, अशा दोन वायरी येतात. दुसरी वायर "जास्तीची" समजून कापली की घोळ सुरू.

रंगावर विसंबू नका. मूळ कारखान्याने ठरवून रंग दिलेले असतात, पण वीस-पंचवीस वर्षांत ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने जोडलेली असते. वायर कुठून निघते, कुठे पोचते आणि तिच्यावर काय येतं, हे तिन्ही कळल्याशिवाय तिला नाव देऊ नका.

आधी फळ्या उघडून वारा खेळू द्या. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं. पण आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, किमान ३५ अंश धरलाय, आणि मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात सावलीतच ४२ अंश असतात. बंद इंजिनखान्यात ठिणगी नको. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच हात घाला. इंजिन चालू असताना मात्र बॅटरी कधीच सोडवू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

मग खुणा. कागदी टेपवरची शाई डिझेलने पुसली जाते. पॅनेलच्या कामातले नंबरचे फेरूल, म्हणजे वायरीवर चढवायच्या नंबर छापलेल्या छोट्या नळ्या, मी नेतो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर, आणि वहीत जागा लिहायची.

वायर शोधताना दोन्ही टोकं मोकळी करा. हे मी ठासून सांगतो. एक टोक कॉइलला किंवा बल्बला लागलेलं राहिलं तर मल्टिमीटर त्यातूनही बीप देतो आणि तुम्ही भलतीच वायर धरून बसता. पाच-सात मीटरची एक सुटी वायर क्लिप लावून जवळ ठेवा. तिचं एक टोक टाकीकडे, दुसरं टोक मीटरला, आणि मीटर घेऊन डॅशबोर्डपर्यंत जा. इन्सुलेशनला सुई टोचून तपासू नका. त्या भोकातून ओल शिरते आणि तांबं आतून हिरवं होत जातं.

टाकीच्या डोक्यावरच्या दोन वायरींना बॅटरीचा करंट कधीच देऊ नका, टेस्ट लॅम्पसुद्धा नको. तो डिझेल दाखवणारा फ्लोट असतो, आतली रेझिस्टन्सची तार नाजूक असते, आणि ती टाकीत आहे. वायर सोडवून ओहमवर मोजा. युरोपियन पद्धतीचा फ्लोट रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्याला १८० ओहमच्या आसपास दाखवतो. अमेरिकन उलटा, रिकामी २४०, भरलेली ३३.

फिल्टरच्या काचेच्या वाटीखाली दोन बारीक वायरी दिसल्या तर तो डिझेलमधलं पाणी ओळखणारा सेन्सर. फिल्टरच्या डोक्यावर जाड वायरी असतील तर बहुधा हीटर. थंड मुलखात डिझेलमधलं मेण गोठतं, त्यासाठी तो असतो. उजनीवर त्याचा उपयोग नाही, पण कापू नका. फ्यूज काढून नंबर घालून ठेवा. सिलिंडर हेडवर एका पट्टीला येणारी जाड वायर ग्लो प्लगची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या प्लगची. टाकी आणि फिल्टरच्या मधल्या डबीला दोन वायरी असतील आणि बॅटरी परत जोडून चावी दिल्यावर टकटक किंवा गुणगुण ऐकू आली तर तो टाकीतून डिझेल ओढणारा इलेक्ट्रिक फीड पंप.

तात्यांचा आजार होता इंजिनच्या इंजेक्शन पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडमध्ये, म्हणजे करंटवर डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या कॉइलमध्ये. काही इंजिनांत करंट दिला की डिझेल बंद होतं, काहींत करंट असेपर्यंतच डिझेल जातं. इंजिन न लावता नुसती चावी द्या, सोलेनॉइडची वायर काढून परत टेकवा. "टक्" असा आवाज आला आणि चावी असेपर्यंत करंट टिकला तर दुसरा प्रकार. तात्यांचं इंजिन त्याच प्रकारचं होतं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सोलेनॉइडवर ९.८. वायर चाचपत मागे गेलो तर बल्कहेडच्या (लाँचच्या आतल्या आडव्या भिंतीच्या) आत टेपखाली पिळून मारलेला जॉइंट, तांबं काळं पडलेलं. इंजिन तापलं, थरथर वाढली की करंट तुटायचा. फिल्टर आणि टाकी दोन्ही निर्दोष होते. टिन केलेली, म्हणजे तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली, नवी वायर टाकली, क्रिंप मारून वर श्रिंक स्लीव्ह चढवली आणि इंजिन चालू ठेवून तासभर हलवून पाहिलं.

राहिली ती कापलेली हिरवी वायर. आधीच्या कुणा कारागिराने ती "कशालाच जात नाही" म्हणून तोडली होती. तिच्यावर व्होल्टेज नसतंच. डिझेल भरायच्या तोंडापासून टाकीला, तिथून निगेटिव्हच्या पट्टीला ती जाते. रबरी नळीतून डिझेल वाहताना साठणारी स्थिर वीज ती उतरवते. अशा वायरीचं काम मीटर ओहमवर ठेवूनच दिसतं, तोंड ते पट्टी जवळजवळ शून्य यायला हवं. आमचं आलं नाही, कारण भरायच्या तोंडाखालचा रिंग टर्मिनलही गंजला होता. दोन्ही बदलले, रंग खरवडला, नट आवळला. मीटरवर ०.३ आलं. तात्यांनी कॅन उचलला आणि आम्ही त्याच संध्याकाळी टाकी भरली.